येते हं

ताईचा आवाज अकरा वर्षांचा होता. बाकीची ताई एक्कावन्न वर्षांची, आणि गुडघे त्याहून दोन-चार वर्षांनी मोठे.

गेली सदतीस वर्षं ती माइकसमोर पोरंच बोलत आली होती. बिस्किटासाठी हट्ट करणारी, दात घासताना भोकाड पसरणारी, कार्टूनमधली बदकाची पिल्लं. एकदा तर एकाच भागात सात भावंडं आणि त्यांचं आपापसातलं भांडण. फोनवर अनोळखी माणसं अजूनही विचारायची, "बाळ, घरात कुणी मोठं आहे का?" त्यावर ती म्हणायची, "मीही शोधतेच आहे हो, सापडलं की कळवते."

त्या दिवशी सकाळी साडेदहाला ती चष्म्याच्या दुकानावरचे तीन जिने चढून धाकट्या भावाच्या ऑफिसात पोचली, तेव्हा आत जोरदार भांडण चाललं होतं. भांडणारी माणसं दोनच होती, कारण ऑफिसात माणसंच दोन होती. एक भाऊ आणि दुसरी चिमटी.

भाऊ ताईहून नऊ वर्षांनी लहान. व्हिडिओ गेम बनवायचा. चिमटी त्याची प्रोग्रामर. गेममध्ये चूक कुठेही दडून बसलेली असो, ही ती नेमकी उचलून बाहेर काढायची, म्हणून हे नाव. बोलणंही नावाला शोभेल असंच.

"माणूस आठ तास खेळणार," चिमटी म्हणत होती. "त्या पोराला जपत, लपवत, जीव मुठीत धरून इथवर आणणार. आणि शेवटी तुम्ही त्याला कपाटात सडवणार. सर, माझ्या घरी चार वर्षांची मुलगी आहे. मी हा शेवट दिवसातून दहा वेळा चालवून बघते आणि मग घरी जाऊन तिला भरवते. घास माझ्याच घशात अडकतो."

"हा गेम चार वर्षांच्या मुलीसाठी नाहीच आहे मुळी."

"मुलांबद्दल तर आहे ना?"

"अगं, भीतीचा गेम आहे. दार उघडलं की भीती संपली. माणूस हुश्श करणार, चहा प्यायला जाणार आणि विसरून जाणार."

"जाऊ दे की चहा प्यायला! चहा पिऊ नये असं काय घोडं मारलंय त्याने तुमचं?"

"मारा," ताई दारातच चप्पल काढत म्हणाली. "सकाळी सकाळी लेकरांना मारा. दुसरं काम नाही काही. काय कधीराव, पाणी तरी मिळेल का आधी?"

आत येताना ती सवयीने चौकटीपाशी थबकली. चौकटीवर खडूची एक आडवी रेघ होती. गेमसाठी मापं घेताना भावाने ओढलेली, मग तशीच राहिलेली. ताई तिच्याहून बोटभर उंच होती.

गेमचं नाव होतं 'मापारी'. पोरांचं एक वसतिगृह, मोठी माणसं कुणी उरलेली नाहीत. दिवे मालवले की एक उंच, कमरेत वाकलेला माणूस येतो, गळ्यात मोजपट्टी. ज्या पोराचं डोकं चौकटीवरच्या रेघेला टेकेल, ते त्याच्याबरोबर जातं आणि पुन्हा दिसत नाही. म्हणून तिथली पोरं वाकून चालतात, अर्धपोटी राहतात, मोठं व्हायचं लांबवत राहतात. त्यात एक अकरा वर्षांची बहीण आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ. खेळणारा माणूस म्हणजे तो भाऊ. बहीण त्याचा हात धरून पुढे चालते. तिचा आवाज ताईचा. आठ महिने ताई येऊन सुट्ट्या सुट्ट्या ओळी बोलून जायची, पुढचंमागचं काही नाही. "पळ!" "श्वास रोखून धर." "वाक. अजून वाक. अजून." शेवट काय आहे ते भावाने तिला सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, शेवट तुला शेवटी.

आता तो दिवस आला होता. संध्याकाळी फाइल जायची होती आणि शेवट दोन तयार होते. भिंतीवर दोन पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या: 'दार उघडतं' आणि 'दार उघडत नाही'. गेम विकणाऱ्या कंपनीच्या फॉर्मात एक रकानाही होता, शेवट सुखान्त की शोकान्त, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

"आमचं दोघांचं जमत नाही," भाऊ म्हणाला. "म्हणून ठरवलंय. तू दोन्ही बोलायचे आणि मग सांगायचं. तू म्हणशील तो शेवट."

"मग आत्ताच ऐका. दार उघडा, पोराला बाहेर काढा. मला दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"बघा!" चिमटीने टेबलावर थाप मारली.

"वाचल्याशिवाय मत चालणार नाही," भाऊ म्हणाला. "ताई, एकदा वाच. मग तुला जे वाटेल ते."

त्याच्या तोंडावर असं काही होतं की ताईला पहिलीतला तो आठवला. चित्र काढून पाठीमागे लपवून आणायचा आणि म्हणायचा, आधी डोळे मीट. त्याला शाळेत सोडायला तीच जायची, गोष्टी वाचून दाखवायला तीच, पोहायला शिकवायलाही तीच. आईवडील दोघेही पाळीची नोकरी करणारे. तो अजूनही कुणाला ओळख करून देताना म्हणायचा, ही माझी ताई, हिने मला वाढवलं.

चिमटीने पाण्याचा ग्लास पुढे केला. "ताई, तुम्ही सरांना कधीराव का म्हणता हो? मी केव्हाची विचारीन म्हणते."

"अगं, ती एक गंमतच आहे. आपण घराबाहेर पडताना काय म्हणतो? 'येते.' जाते असं कुणी म्हणत नाही, बरं दिसत नाही ते. सगळ्यांनाच कळतं की ही निघाली. हा एकटा ते खरं धरायचा. बाबा कामावर निघाले, 'येतो रे.' की याचं, 'कधी?' दूधवाला म्हणाला 'येतो', 'कधी?' एकदा पाहुणे आले, दोन तास बसले, आईची मान दुखायला लागली हो हो म्हणून. शेवटी उठले एकदाचे, 'बरंय, येतो आम्ही.' आणि हा पुढे होऊन, 'कधी?' आईने तिथेच कपाळाला हात लावला."

चिमटी खो खो हसली. भाऊही हसला. "मला त्यातलं काही आठवत नाही. सगळं हिच्याकडूनच ऐकलेलं. पाहुण्यांनी आणलेल्या खाऊवर डोळा असणार माझा."

ताईही हसली. ही गोष्ट ती नेहमी इथेच थांबवायची.

आवाज घ्यायची जागा म्हणजे आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट होतं. भावाने फळ्या काढून आतून चारी बाजूंनी जुन्या रजया आणि ब्लँकेटं ठोकली होती. मधे माइक, एक स्टूल, कागद अडकवायला चिमटा आणि वाचण्यापुरता छोटा दिवा. दार लावलं की रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत येत नसे. पहिल्या दिवशी ताई म्हणाली होती, "कपाटच मिळालं का रे तुला?" तर तो अभिमानाने म्हणाला, "याहून चांगला बूथ शहरात दाखव." आठ महिने ती आत गेली की एक हात दारावर ठेवून बोलायची. भावाला वाटायचं, गुडघ्यांमुळे.

ती आत बसली, हेडफोन चढवले. दार लागलं. तिने दिव्याखाली कागद धरला.

बहीण रेघेखाली उभी राहते. डोकं टेकतं. मोजपट्टीचा आवाज जवळ येतो. ती भावाला ओढत रजयांच्या कपाटाकडे नेते आणि आत घालते. सगळ्यांत वरच्या रजईवर हिरव्या छत्र्या आहेत, उघड्या, नखाएवढ्या.

भाऊ: इथे डांबरगोळ्यांचा वास येतो.

बहीण: तोंडाने श्वास घे. आवाज करायचा नाही. तू लप, राज्य माझ्यावर.

दार लागतं. किल्ली फिरते.

बहीण (बाहेरून): येते हं.

पडदा काळा. दोन दारांमधल्या फटीतून उजेडाची एक रेघ. ती रजईवरून सरकत जाते, फार हळू. खेळणाऱ्याने कुठलंही बटण दाबलं तरी काही होत नाही. चार मिनिटं. मग दाराच्या आतल्या बाजूला नखांनी ओढलेल्या खुणा दिसतात. पहिली पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवर. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी. सातवीच्या वर खूण नाही.

ताईने कागदावर पुन्हा वरच्या ओळीकडे पाहिलं. हिरव्या छत्र्या. तिने ते दोन शब्द बोट ठेवून वाचले, नुकतं वाचायला शिकलेल्या माणसासारखे. मग तिने कागद मांडीवर ठेवला.

ती रजई तिने स्वतः फेकली होती. वर्तमानपत्रात गुंडाळून, पाण्याच्या टाकीमागच्या कचऱ्यात, त्याच दिवशी संध्याकाळी, आई यायच्या आत. घरातल्या एकाही फोटोत ती नव्हती. आई वर्षभर म्हणत राहिली होती, अशी कशी रजई चालत जाते घरातून?

"ताई," हेडफोनमधून भावाचा आवाज आला, "वाचलंस? काही बोलू नको अजून. आधी फक्त 'येते हं' घेऊ. साधं म्हण. ती त्याला फसवत नाहीये. आपण रोज म्हणतो तसं."

दिव्याचा बारीक गुणगुण आवाज माइकमध्ये यायचा, म्हणून घेताना तो बंद करायचा असे. ताईने तो बंद केला. अंधारात तोंड उघडलं.

"येते हं."

"अरेच्चा, ही आजी कुठून आली? पुन्हा."

"येते हं."

"मगाशी आजी होती, आता आजीला पडसं झालंय. ताई, पाणी देऊ का?"

तिसऱ्या वेळी आवाजच फुटला नाही. नुसती हवा आली. सदतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आईच्या दहाव्यालाही ती उभ्या उभ्या चार बदकं बोलून आली होती.

"थांब जरा, फोन वाजतोय, त्या फाइलवाल्यांचाच असेल," भाऊ म्हणाला. "येतो हं."

आणि हेडफोन बंद पडले.

दाराला कडी नव्हती. ढकललं असतं तर उघडलं असतं. ताईने हात दारापर्यंत नेला आणि मागे घेतला. मनगटावरच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे दिसत होते. ती त्यांच्याकडे बघत बसली.

ती चौदा वर्षांची होती. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, बाबा पाळीवर, सुट्टीचे दिवस. रेडिओवर लहान मुलांच्या आवाजाची चाचणी होती आणि तिने घरी कुणालाही न सांगता नाव दिलं होतं. पाच वर्षांच्या पोराला बरोबर न्यावं तर ते तिथे गोंधळ घालणार. एकटं मोकळं ठेवावं तर घरात गॅस, बाहेर रस्ता. तिने डोकं चालवलं. तू लप, राज्य माझ्यावर. किल्ली फिरवली ती त्याने बाहेर येऊन काही लावून घेऊ नये म्हणून. 'येते हं' म्हणाली आणि निघाली. तासाभराचा प्रश्न होता. तिथे रांग निघाली. मग त्यांना तिचा आवाज आवडला, म्हणाले बस जरा, आणखी एक वाचून दाखव. एक मांजर, एक राजकन्या. तिने दोन्ही झकास वाचली. साडेबाराला गेलेली ती साडेचारला परत आली.

तिने कपाट उघडलं तेव्हा तो बसलेला होता. रडत नव्हता. रजई ओली होती. तोंडाने श्वास घेत होता, तिने सांगितल्याप्रमाणे. दाराला आतून नखांचे ओरखडे होते. त्यांवर तिने नंतर तपकिरी बुटपॉलिश चोळलं.

हे त्याला आठवत नाही अशी तिची समजूत होती. पाच वर्षांचं पोर. तो कधी एका शब्दाने बोलला नव्हता.

घड्याळात अकरा मिनिटं झाली तेव्हा दार उघडलं.

"सॉरी, सॉरी, ते लोक सोडेचनात. अगं, बाहेर का नाही आलीस? अंधारात काय बसलीस?"

ताई उजेडात डोळे मिचकावत होती. तिने मांडीवरचा कागद उचलला. "हे कुठून सुचलं तुला?"

तिला वाटलं, आता तो तिच्याकडे बघेल. त्या नजरेत सदतीस वर्षांचं सगळं असेल. ती तयारीत होती.

पण तो खुशीत येऊन समोर जमिनीवरच मांडी घालून बसला. "सुचलं नाही ताई, हे दिसलं. मला एक स्वप्न पडतं, लहान होतो तेव्हापासून. छत्र्या आणि ती उजेडाची रेघ. बाहेरून कुणीतरी 'येते' म्हणतं. एवढंच. बाकी माझा सगळा माल इकडून तिकडून उचललेला आहे, तुला माहितेय. मापारी घे, वसतिगृह घे, कुठे ना कुठे पाहिलेलं. हे एवढंच माझं. कुठून आलं देव जाणे, पण माझं आहे."

त्याला ठाऊक नव्हतं. हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तो तिच्यावर आरोप ठेवत नव्हता, तिला दाखवायला चित्र घेऊन आला होता.

"आणि स्वप्नात दार?" तिने विचारलं.

"उघडत नाही."

"कधीच?"

"त्याआधी जाग येते ना. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो, एकदाही उघडलं नाही. म्हणून तर चिमटीला सांगतोय, तो उघडण्याचा शेवट खोटा वाटतो. मी लिहिला खरा, पण मला तो दिसतच नाही. दार उघडल्यावर पुढे काय होतं तेच मला माहीत नाही."

चिमटी दाराशी येऊन उभी होती. "काय मग ताई? वाचलंत ना? तुमचं मत?"

ताईला एक सोपी वाट दिसत होती. म्हणायचं, तुझंच बरोबर रे, नको उघडू दार. तो आनंदाने उडी मारेल. चिमटी चार दिवस तोंड फुगवेल. गेम जाईल, लोक वाहवा करतील, आणि ही माझी ताई, हिने मला वाढवलं, हे वाक्य आहे तिथेच राहील. गप्प बसण्याची तिला सवयही चांगली होती. फक्त तो असाच झोपत राहील, त्या दाराच्या आत, म्हातारा होईपर्यंत.

"दार उघडतं," ताई म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, एक्कावन्न वर्षांचा. तो तिथे कुणी फारसा ऐकलेला नव्हता.

"बघा!" चिमटी म्हणाली.

"का पण?" भाऊ हिरमुसला. "कशावरून?"

"कारण उघडलं होतं. साडेचारला. मी उघडलं."

चिमटीचा हसरा चेहरा तसाच राहिला, उतरायचा विसरला. भाऊ हसत म्हणाला, "म्हणजे?"

मग ताईने सांगितलं. छत्र्यांची रजई कुठे गेली ते, रेडिओ, मांजर आणि राजकन्या, बुटपॉलिश. एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. सांगताना ती स्टुलावर कपाटातच बसलेली होती आणि तो बाहेर जमिनीवर. हे आधी फक्त चिमटीच्या लक्षात आलं.

भावाचा रंगच उडाला होता. एक हात जमिनीवर टेकवून तो फरशीकडे बघत होता.

"किती वेळ?" त्याने शेवटी विचारलं.

"चार तास."

"म्हणजे मी चार मिनिटं धरली ती..." तो थांबला. "आणि मला तेव्हा ताप आला होता ना? आई सांगायची. तापात माझं बोलणं बंद झालं होतं म्हणून."

"ताप नव्हता. तीन आठवडे तू बोलला नाहीस. आईने दोन डॉक्टर केले. ते म्हणाले, कशाला तरी भ्यालाय. घरात सगळे आठवून बघत होते, कशाला भ्यालाय. मीही आठवल्यासारखं करत होते. मग एका सकाळी बाबा कामावर निघाले, म्हणाले, येतो रे. आणि तू म्हणालास, 'कधी?' आईला इतका आनंद झाला की ती हसता हसता रडली. तेव्हापासून सगळे तुला..."

चिमटीने तोंडावर हात दाबला. तासाभरापूर्वी ती त्याच गोष्टीला खो खो हसली होती.

"दार उघडल्यावर," भाऊ म्हणाला, "तू काय म्हणालीस?"

"जाऊ दे ना रे."

"ताई. मला पुढचं माहीत नाही. काय म्हणालीस?"

मांजर आणि राजकन्या ज्या तोंडाने वाचली होती त्याच तोंडाने म्हणालेलं ते वाक्य तिच्या जिभेवर सदतीस वर्षं तसंच होतं.

"म्हणाले, 'कुणाला सांगू नकोस हं.'"

रस्त्यावर एक ट्रक मागे येत होता, त्याची टूं टूं ऐकू येत राहिली. तो थांबला तेव्हा भाऊ म्हणाला, "नाही सांगितलं." आणि मग, स्वतःशीच नवल करत असल्यासारखं, "बघ ना. मलासुद्धा नाही."

ताईला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. तो उठून तिच्या अंगावर ओरडेल म्हणून ती वाट बघत होती. तो उठला, बाहेरच्या खोलीत गेला, भिंतीवरच्या दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांची घडी करून खिशात ठेवली. परत आला तो हेडफोन कानाला लावूनच.

"दार लावून घे," तो म्हणाला. "आणि ते म्हण."

"काय?"

"तेच. दार उघडल्यावरचं. जसं म्हणाली होतीस तसंच."

"सर, राहू दे ना," चिमटी म्हणाली. "आज राहू दे."

"मला ऐकायचंय."

ताईने दार लावून घेतलं. दिवा बंद केला. दारावर हात ठेवला नाही. आणि मगाशी दोन शब्दांना नकार देणारा तिचा गळा आपोआप उघडला. आवाज चौदा वर्षांचा आला, धावत जिना चढून आलेला, घाबरलेला आणि तरीही लाडात आणलेला, पोराची समजूत काढणारा. तो आवाज सदतीस वर्षांत तिने एकाही बदकाला दिला नव्हता.

"कुणाला सांगू नकोस हं."

पुन्हा घ्या असं कुणी म्हणालं नाही.

बाहेर येऊन तिने पाहिलं तर भाऊ हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसला होता. चालू तर काही नव्हतं. तरी तो ऐकत होता.

जोडाजोड करायला चिमटीला अर्धा तास लागला. नुसती बटणांची टकटक. मग तिने शेवट चालवला. काळा पडदा, छत्र्यांवरून सरकणारी रेघ, चार मिनिटं. तिघंही उभी. ताईची बोटं नकळत टेबलाच्या कडेवर बटण शोधत होती. मग किल्लीचा आवाज, आणि दार उघडलं. भरपूर उजेड. समोर बहीण उभी, जिवंत, केस विस्कटलेले. ती खाली वाकली, भावाचे गाल पुसले, हसली आणि ते वाक्य म्हणाली. पडदा मिटला.

चिमटीने बटणांवरचा हात काढला.

"पोरगी मेली नाही," ती म्हणाली. "पोरगा बाहेर आला. मी हेच मागत होते ना? हेच मागत होते मी."

"हो," भाऊ म्हणाला.

"मग मला घरी जायचंय. आत्ता. मी अर्ध्या तासात मुलीला बघून येते, मग फाइल पाठवते." तिने पर्स उचलली आणि पुन्हा ठेवली. "त्या रकान्यात काय टाकू? सुखान्त की शोकान्त? रिकामा ठेवला तर पुढे जात नाही तो फॉर्म."

"तिसरं काही आहे का त्यात?"

तिने वाकून पाहिलं. "'इतर' आहे."

"ते टाक."

चिमटी जिना धावतच उतरली. 'येते' म्हणाली की नाही ते कुणाला ऐकू आलं नाही.

ऑफिसात बहीणभाऊ दोघंच उरले. दाताच्या डॉक्टरची वेळ टळून गेली होती. ताईने तिचा ग्लास विसळून पालथा घातला, मग त्याचा, मग उगाचच चिमटीचाही. भाऊ खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्याच्या मानेवर केस कातरताना राहून गेलेलं एक टोक होतं. तिला ते दिसत होतं आणि हात पुढे करायची हिंमत होत नव्हती.

"माफ कर म्हणू का?" तिने विचारलं.

"आत्ता नको." जरा वेळाने तो म्हणाला, "मला अजून दार उघडल्यासारखं वाटत नाहीये. आवाज आलाय फक्त."

तिने मान हलवली, त्याला दिसत नव्हती तरी. चौकटीपाशी जाऊन चपला घातल्या. आणि आयुष्यभराच्या सवयीने, काही कळायच्या आत, तोंडातून निघून गेलं,

"येते."

शब्द बाहेर पडला आणि तिने जीभ चावली. खिडकीकडून, पाठमोराच, तो म्हणाला,

"कधी?"

कुणी हसलं नाही. हसायला होतंच कोण? ताईला आजवर इतक्या वेळा हा प्रश्न ऐकू आला होता, आणि घरातल्या एकानेही त्याला कधी वेळ सांगितली नव्हती. तिनेही नाही. तिला तर कारण माहीत होतं.

"उद्या," ती म्हणाली. "साडेदहाला."

"साडेदहा म्हणजे?"

"दहा वाजून तीस मिनिटं."

तो वळला. डोळे लाल होते, पण तिच्याकडे बघत होता. टेबलावरचा खडू घेऊन तो दाराशी आला आणि चौकटीवर, रेघेच्या जरा वर, तिच्या डोक्याच्या उंचीवर, त्याने आकडे लिहिले. १०.३०. लिहिताना त्याचा हात तिच्या कानाला लागला. तो त्याने मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही.

ताई जिना उतरायला लागली. गुडघे कुरकुरत होते, एकेक पायरी मोजून उतरावी लागत होती. आयुष्य आवाजात गेलेलं, कान तयार होते. तिन्ही जिने उतरून चष्म्याच्या दुकानासमोर येईपर्यंत ती ऐकत राहिली. वरचं दार लागल्याचा आवाज आला नाही.